ओलं लाकूड

फोन पुन्हा वाजला. मुलीने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, तेलकट बोटं पँटला पुसली आणि फोन कानाला लावला.

"वाळलं का?" बाबांनी विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"वाळलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वाळलं नव्हतं. सज्ज्याच्या कठड्यावरचं मीठ तिने सकाळीच गोड्या पाण्याने धुतलं होतं. वरून हात फिरवला तर लाकूड कोरडं लागत होतं, पण सांध्यांत बोट घातलं की गार ओल लागायची. धुतल्यावर दोन दिवस लाकूड वाळू द्यायचं, मगच स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावायचा, हा बाबांचा नियम. स्टेन नीट मुरला तरच खारं वारं लाकडाला खात नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण तिला या घरात दोन दिवस काढायचे नव्हते. पाचची बस गाठायची होती. समुद्राच्या बाजूचा अर्धा कठडा तर रंगवूनही झाला होता.

नऊ वर्षं बाबा इथे येत होते. हंगाम बदलायच्या आधी, दर वर्षी, डबे आणि ब्रश घेऊन. खडकावरचं हे एकटं घर आणि त्यात राहणारी ही एकटी बाई. या कामाचं बाबा कधी काही घेत नसत आणि घरी कधी काही बोलत नसत. आईने पहिली दोन-तीन वर्षं विचारून पाहिलं. मग भांडून पाहिलं. मग तिने विचारणंच सोडलं. बाबा निघाले की ती स्वयंपाकघरात जायची आणि भांडी आपटायची.

यंदा बाबा शिडीवरून पडले. मनगट प्लास्टरमध्ये. तरी निघाले होते. "हात मोडला तरी पाय तिकडेच," आई म्हणाली. शेवटी मुलगीच तयार झाली. निघताना आईने तिला दाराशी गाठलं. "काय आहे तिच्यात, तेवढं बघून ये."

बघण्यासारखं काही नव्हतं. साठीची बाई. पांढरे केस, साधी साडी. दोनदा पाणी आणून दिलं, तेही उंबऱ्याच्या आतूनच हात लांब करून. सज्ज्यावर तिने पाऊल टाकलं नाही. मुलीला वाटलं, मोठा तोरा आहे. ती आणखी भराभर ब्रश मारू लागली. थेंब उडत होते, ओघळ येत होते. वाऱ्याने डब्याचं झाकण दोनदा उडवलं.

बाई तिसऱ्यांदा दारात आली तेव्हा मुलीचा संयम संपला.

"तुमचं आणि माझ्या बाबांचं काय आहे?"

बाई म्हणाली, "काही नाही. नऊ वर्षांत आम्ही एक शब्द बोललेलो नाही."

"आणि तरी ते येतात?"

"येतात. मी दार उघडते, ते काम करतात, जातात."

"कशासाठी?"

बाईने चौकटीला हात टेकला. "याआधीचा कठडाही त्यांनीच रंगवला होता. छान दिसायचा, अगदी नव्यासारखा. तीन वर्षांनी एका सकाळी आमच्या यांचा टॉवेल वाऱ्याने उडाला. तो धरायला हे वाकले. कठडा मोडला. त्याच्यासकट हे खाली खडकांवर गेले."

मुलगी कठड्यापासून मागे सरकली.

"चौकशीला आले त्यांनी लिहिलं, समुद्राकाठचं लाकूड, सडायचंच. तुझ्या बाबांचं कुणी नावही घेतलं नाही. महिन्याभराने तेच दारात आले. म्हणाले, लाकूड ओलं होतं, मला दुसरं काम गाठायचं होतं, मी तसाच ब्रश मारला. ओल आत कोंडली. वर रंग राहिला आणि आतून भुसा झाला. मी म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नका. नवा कठडा बसवला, तर ते डबे घेऊन हजर. हाकलायचंच होतं. का कोण जाणे, दार उघडलं."

मुलीच्या हातातल्या ब्रशवरून थेंब पायावर पडत होते. तिने ब्रश खाली ठेवला. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि समुद्राच्या बाजूच्या टोकापासून ताजा स्टेन पुसायला घेतला. लाकडावर चट्टे उठले. ती पुसत राहिली. सांध्यांतला निघेना, तेव्हा चिंधी नखावर गुंडाळून खरवडू लागली.

"हे काय गं?" बाईने विचारलं.

"लाकूड ओलं आहे, मावशी. मी बाबांशी खोटं बोलले. दोन दिवस लागतील."

बाई आत गेली. थोड्या वेळाने ती आतून जुनी चादर घेऊन आली. दारात बसून तिच्या चिंध्या फाडू लागली. एकेक चिंधी उंबऱ्याबाहेर ठेवत गेली. पाचची बस घाट उतरून गेली तेव्हा दोघींनी तिचा हॉर्न ऐकला.

"तुझ्या आईला हे ठाऊक आहे?" बाईने विचारलं.

"नाही. आईला वाटतं की तुम्ही आणि बाबा..."

बाईचे हात थांबले. चादर तिच्या मांडीवर तशीच राहिली. "नऊ वर्षं?"

मुलीने मान हलवली.

बाईने पुसलेल्या लाकडाकडे पाहिलं.

"खरं सांगण्यापेक्षा," ती म्हणाली, "हा आळ त्यांना हलका वाटला असेल."