पाच गाठींचा महिना

ओढ्यापलीकडे अंजनाच्या परड्यात कपडे वाळत घालायच्या दोरीवर मधल्या गाठीला एकच फडकं होतं. म्हणजे चार तारीख. ओढ्याच्या अलीकडे म्हशीला पाणी पाजत उभा असलेला मानसिंग स्वतःशीच हसला.

तो पलटणीत सिग्नल खात्यात होता. तिथल्या टेलिप्रिंटरच्या कागदी पट्टीवर भोक असायचं किंवा नसायचं. एवढ्यावरच सगळी अक्षरं आणि आकडे चालायचे. सुट्टीवर आल्या आल्या त्यानं ही विद्या मातीत काडीनं रेघा ओढून अंजनाला शिकवली होती.

"दोरीला पाच गाठी मार. डावीकडनं सोळा, आठ, चार, दोन, एक. कापड हाय तो आकडा धरायचा, न्हाई तो सोडायचा. मग बेरीज."

"एवढ्यात सगळ्या तारखा बसत्यात?"

"अख्खा महिना बसतो."

"लय शाना हायस," ती म्हणाली होती.

चोरूनच भेटावं लागे. तिच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, मागणी तोंडावर नाकारली होती. "लढाईवरचा गडी. आज हाय, उद्या न्हाई." पासष्टची लढाई नुकतीच संपली होती, त्यामुळे कुणी त्यांना बोल लावला नाही.

चार तारखेला अंजना उसाच्या आडोशाला आली. पुढं दुसऱ्या आणि चौथ्या गाठीला कापडं दिसली. दहा तारीख. त्या दिवशीही आली. मानसिंगला आपल्या विद्येचा भलताच अभिमान वाटू लागला.

मग आप्पासाहेबांनी सांगलीत, विश्रामबागेतलं स्थळ पक्कं केलं. अंजना रडली नाही. "साताऱ्याला जाऊन लगीन लावू," म्हणाली. घरातून निसटता येईल ती तारीख ती दोरीवर सांगणार होती. मानसिंगनं त्या दिवशी पाटणच्या एस.टी. स्टँडवर थांबायचं होतं.

फेब्रुवारी लागला आणि एका सकाळी पहिल्या आणि चौथ्या गाठीला कापडं फडफडली. सोळा आणि दोन. अठरा!

कुणाला वास लागू नये म्हणून त्यानंतर तो ओढ्याकडे फिरकलाच नाही. तिला नुसतं लांबून बघावं म्हणून जीव तळमळायचा. जेवतानाही तिचा आवाज कानात असायचा.

अठराला तो पहाटेच स्टँडवर जाऊन बसला. दुपारी अंजनाची शेजारीण हरणाबाई गाडीतून उतरली. त्याला बघून ती जागीच थांबली.

"आता कुणाची वाट बघतूयास रं? आज लगीन हाय तिचं. घरदार सांगलीला गेलंय."

"आज? आज तर ती हितं यायची हुती."

"नऊ तारखेला आली हुती की! शेवटची गाडी गेली तरी ह्याच बाकावर बसून हुती. आप्पासाहेबांनी गुपचूप घरी नेली. तू आला न्हाईस म्हणल्यावर पोरगी कशालाच न्हाई म्हणाली न्हाई."

"अठराच हुती, मावशी. सोताच्या डोळ्यांनी बघितली."



तो चालत परतला आणि पहिल्यांदाच ओढा ओलांडून तिच्या परड्यात शिरला. घराला कुलूप होतं. मागच्या दाराकडे पाठ करून, कपडे वाळत घालायला ती उभी राहायची तिथं, तो दोरीखाली उभा राहिला. समोर ओढा, आणि ओढ्यापलीकडे त्याची रोजची जागा.

त्यानं इतके दिवस मोजलेली सोळाची गाठ त्याच्या उजव्या हाताला, एकाच्या जागी होती.