पक्षाचा फोटो

पाच वर्षांची मुदत संपली आणि शेवटच्या दिवशी सभागृहाच्या पायऱ्यांवर पक्षवार फोटो निघू लागले. रीत ठरलेली: नेता खुर्चीत, आमदार मागे उभे. एका छोट्या पक्षाचा एकच आमदार निवडून आलेला. नेता तोच, प्रतोदही तोच. मतदानाचा आदेश स्वतःच काढायचा आणि ‘मिळाला’ म्हणून सहीही स्वतःच करायचा. आज तो ऐटीत खुर्चीत बसला. “बाकीचे येऊ द्या की,” फोटोग्राफर म्हणाला. “सगळे आलेत.” पायऱ्यांवरचे मोठे पक्ष हसले. पाच वर्षं पाणी आणून देणाऱ्या शिपायाला त्याने हळूच विचारलं, “काका, मागे उभे राहता?” “साहेब, आम्हाला कुठल्याच पक्षामागे उभं राहता येत नाही.” त्याला पाठ उघडी वाटली. तो उठला, खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. “आणि नेते?” फोटोग्राफरने विचारलं. त्याने रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. “येतील. तुम्ही काढा.”