लोकरीचं कव्हर

गेम पुन्हा बंद पडला आणि जुईच्या हेडफोनमधला तिच्या बाबाचा आवाजही गेला.

तो कतारमध्ये, दोहाला नोकरी करतो. जुई न्यूमोनिया होऊन दवाखान्यातून घरी आल्यापासून माझ्याशी फक्त मानेनं बोलत होती. तोंड उघडायची ती शुक्रवारी, बाबाबरोबर खेळताना. आज शुक्रवार होता आणि कन्सोल चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा चालू राहत नव्हता.

मी प्लग बदलला. एक्स्टेन्शन काढून वायर थेट भिंतीत लावली. नेटवर वाचून बटण बराच वेळ दाबून धरलं. दिवा लागायचा, खेळ सुरू व्हायचा आणि पुन्हा अंधार.

नवऱ्याचा मोबाइलवर फोन आला. "आत धूळ गेली असेल गं."

"धूळ? अरे, रोज पुसते मी! जुईच्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचं कव्हर विणून घातलंय वर. अजून काय करू, सांग ना!" माझा आवाज फाटला. "आज ती बोलली नाही तर पुढच्या शुक्रवारपर्यंत मी काय करू?"

जुई उठली. तिनं ते कव्हर ओढून काढलं, कन्सोलवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"आई, त्याला उकडतंय."

बाहेर एप्रिलचं ऊन होतं. मी गळ्यापर्यंत लावलेली स्वेटरची बटणं जुई एकेक करून काढू लागली.

"मलापण," ती म्हणाली.