शततारकेची उजवी भिंत

सावली पुन्हा दिसली तेव्हा अनुजाने माऊसवरचा हात काढून घेतला. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला होता.

पडद्यावर 'शततारका'चा इंजिनाकडे जाणारा बोगदा होता. टीव्हीवर एकच वाहिनी लागायची त्या काळातल्या मालिकेतलं हे अंतराळयान. लोक ते अजून विसरले नव्हते. सेट मोडून चाळीस वर्षं उलटली होती आणि नकाशे कोणाकडेच उरले नव्हते. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली अनुजा आठ महिने जुन्या टेप बघून ते यान आतून, खिळ्यास्क्रूसकट, कॉम्प्युटरवर उभं करत होती. अर्ध्या इंचासाठी तिने आठवडा घालवला होता. मोजायला सुरुवात कुठून करायची हे तिला यानाच्या दारांनी सांगितलं. त्यांच्या मुठी म्हणजे गिरणीतल्या सुताच्या लाकडी कांड्या होत्या. तसली एक कांडी घोडपदेवच्या चाळीत तिच्या घरी फळीवर होती. गिरणीच्या मागात डाव्या हाताची दोन बोटं गेली त्या दिवशी तिचे गणपत आजोबा ती खिशातून घरी घेऊन आले होते. अनुजाने कांडी मोजली आणि मग सगळं यान मोजता आलं.

दिवे लावल्यावर टेपमधली प्रत्येक सावली मॉडेलमध्येही पडली. एक सोडून. यान हादरायचं त्या प्रत्येक प्रसंगात उजव्या भिंतीवर एक माणूस उमटायचा. वाकलेला, दोन्ही हात पसरलेले. यानात माणसं चार. चौघंही समोर दिसत होती. हा पाचवा.

चाहत्यांच्या ग्रुपवर जुनी बोलवा होती की सेटखाली एक कामगार चिरडला आणि तो अजून यानात फिरतो. अनुजाने त्या भुताला प्रकाशाचे नियम लावून पाहिले. भिंत दुधी कापडाची धरली. तिच्यामागे चार फुटांवर एक दिवा ठेवला. दिवा आणि कापड यांच्यामध्ये पाच फूट दोन इंचांचा माणूस उभा केला. सावली तंतोतंत जुळली. भूत वगैरे काही नव्हतं. कोणीतरी मागून दोन्ही हातांनी भिंत हलवत होतं, म्हणून यान हादरत होतं.

तिने हे हितेंद्रला कळवलं, आणि खरी भीती तिथून सुरू झाली.

हितेंद्र तिचा कॉलेजचा मित्र. उद्या, रविवारी, त्याच्या मंडळाच्या हॉलमध्ये हे यान मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. फोनवर तो नुसता उड्या मारत होता.

"अगं, शूटिंग संपाच्या वर्षीचं आहे! मिलच्या मागच्या शेडमधलं. बाहेर संप, आणि हा पठ्ठ्या आत! उद्या सगळे म्हातारे येणारेत, त्यांनाच विचारू, ओळखा पाहू कोण. वसंतकाका म्हणाले, मला नुसतं नाव सांगा. तू फक्त एखादी खूण शोध."

वसंतकाका शेजारच्या खोलीतले, आजोबांचे पत्त्यांतले भिडू. संपात गेटच्या आत जाणाऱ्यांच्या तोंडाला काळं फासण्यात ते पुढे असायचे. फुटलेल्यांच्या घरचं पाणी ते अजूनही पीत नाहीत. त्यातल्या एकाच्या मयतालाही गेले नव्हते. "आमच्या गणपतने उपास काढले, पण पाऊल आत टाकलं नाही," हे ते कोणालाही सांगत. आजोबा तेव्हा पानं पिसत राहत.

तो माणूस अजून जिवंत असला तर? इथेच, याच चाळीत असला तर? पण मोजायचं अर्धवट सोडणं अनुजाला जमत नसे. टेपमधले हात पुसट होते. तिने तीस चित्रं एकावर एक रचायला घेतली. बाजूच्या छोट्या चौकटीत डावा हात हळूहळू स्पष्ट होऊ लागला.

"दिवो जरा वर घे."

ती दचकली. आजोबा मागे उभे होते. ही मालिका लागली की ते उठून गॅलरीत जायचे. आज ते पडद्याकडे बघत होते.

"वर घे गो. सावली खाली जाता. दिसणा नाय."

तिने दिवा फूटभर वर ओढला. सावली भिंतीवरून घसरली आणि दिसेनाशी झाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

आजोबांनी दार लोटलं आणि कडी घातली. "त्या दिवेवाल्याक किती सांगलंय. त्येणा आयकला नाय." ते खाटेवर टेकले. "तुझो बापूस तेवा सात वर्सांचो. पेजेक तांदूळ नाय."

मग पडद्याकडे बघत त्यांनी अगदी हळू विचारलं, "बोटां मोजूक येतत काय गो?"

छोट्या चौकटीतला हात पूर्ण झाला होता. अंगठा आणि दोन बोटं. अनुजाने ती चौकट बंद केली.

"नाही, आजोबा. नीट दिसत नाही."

मोजमाप खोटं सांगण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

दारावर थाप पडली. "दिवसाढवळ्या कडी कित्याक, गणपत?" बाहेरून वसंतकाका ओरडले. "त्या भुताक भियालंस काय?"

अनुजा आजोबांच्या कानाशी वाकली. "दिवा वरच ठेवते. कोणाला कळणार नाही."

पडद्यावर यान हादरत होतं. उजवी भिंत कोरी होती, आणि आपली आपणच हलत होती. आजोबा तिच्याकडे बघत राहिले.

"मागे कोण नाय," ते म्हणाले, "तर भिंत हलतली कशी?"

डाव्या हाताच्या तीन बोटांत माऊस धरून त्यांनी दिवा खाली आणला. मग उठून कडी काढली.