मुखपृष्ठावरची बाई

“पस्तीस!” अंगणातून आवाज आला आणि बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसलेल्या अन्नपूर्णाबाईंनी कान टवकारले. आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता.

रंगराव मास्तर म्हणजे धामणगाव बढ्याच्या शाळेचे हेडमास्तर. चिकटपणात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. शाईत पाणी घालून तीच दौत महिनाभर पुरवणारा माणूस! आणि तो आज एका चित्रासाठी पस्तीस रुपये मोजायला निघाला होता.

लग्नाआधी मास्तर ज्यांच्याकडे भाड्यानं राहत, ते मलकापूरचे शकील पेंटर वारून वर्ष झालं होतं. घर चालवायचं म्हणून त्यांच्या विधवेनं, अजीजुन्निसांनी, चित्रं लिलावात काढली होती. अंगणात पुरुष, आत बायका. बोली पुकारत होते उकंडराव, कोर्टातले पेन्शनर बेलीफ. बाकीची चित्रं पाच-सात रुपयांत गेली. घोडं अडलं ते शेवटच्या चित्रापाशी. पुण्याच्या एका मासिकाच्या सोळा वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकावर छापलेलं ते मूळ चित्र. हिरव्या लुगड्यातली एक तरुणी दाराशी उभी राहून चिठ्ठी वाचते आहे आणि गालातल्या गालात हसते आहे.

अन्नपूर्णाबाईंना ती तरुणी पाठ होती. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी नवऱ्याच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, तो अंक त्यांना सापडला होता. “ही कोन हो?” त्यांनी सहज विचारलं, तर मास्तर कानापर्यंत लाल. “कोनी नाही. ठेव ते.” दुसऱ्या दिवशी ट्रंकेला कुलूप लागलं.

कुलूप दिसल्यावर बायकोनं काय समजायचं?

तेव्हापासून ती तरुणी जणू घरातच राहायला आली. चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटायचा. आणि नाक? नाक थेट सासूबाईंचं! म्हणजे त्यांच्या माहेरची कोणी. म्हणजे वच्छला, मास्तरांची मामेबहीण. आधी तिच्याशीच लग्न ठरत होतं, पत्रिकेवरून मोडलं, हे सगळ्या गावाला ठाऊक. झालं. अन्नपूर्णाबाईंनी वच्छलाबाईंशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पंधरा वर्षांत ना तिच्याकडच्या बारशाला गेल्या, ना संक्रांतीचं वाण घेतलं.

एरवी नवऱ्यात खोट काढायला जागा नव्हती. बाप गेला तेव्हा रीतीप्रमाणे डोकं-मिशी उतरवली, तर मिशी पुरती येईपर्यंत दोन महिने रजा काढून बसला. ओसरीवर पाऊल नाही, घरातही उपरण्यात तोंड लपवलेलं. लोक म्हणाले, केवढी माया बापावर! अशा मायाळू माणसाच्या मनात दुसरीच कोणी असावी, याचं अन्नपूर्णाबाईंना फार दुःख होतं. ते त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

“चाळीस,” इंद्रभान शेठ म्हणाले. खामगावात त्यांचं सरकी काढायचं कापसाचं जिन होतं. “माह्या जिनाच्या बैठकीत लावतो. येनारा-जानारा पाहीन.”

“पन्नास!” मास्तरांचा आवाज चिरकला.

अन्नपूर्णाबाईंनी चिकातून पाहिलं. मास्तर घामाघूम झाले होते. सकाळी पोस्टातून काढलेली शिल्लक त्यांच्या कोटाच्या खिशात होती, आणि ती पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली होती.

आता मात्र हद्द झाली. अन्नपूर्णाबाईंनी हातातली पाटली काढून अजीजुन्निसांच्या पुढ्यात ठेवली आणि दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या भावाला, रहेमतुल्लाला, हळूच आकडा सांगितला.

“पडद्याआडून साठ!” रहेमतुल्ला ओरडला.

बायकांकडून बोली? अंगणात कुजबुज झाली. इंद्रभान शेठ हसून मागे सरले. मास्तर सरले नाहीत. पासष्ट. सत्तर. पंच्याहत्तर. नवरा-बायको एकमेकांवर कडी करत होते आणि नवऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. पडद्याआडून ऐंशी आले तेव्हा मास्तरांनी खिसा चाचपला आणि मान खाली घातली.

उकंडरावांनी तीनदा पुकारलं. चित्र आत आलं.

“पाटली देल्ली तुम्ही बाई,” अजीजुन्निसा म्हणाल्या. “लय मोठ्या मनाच्या. कुठं लावान हे?”

“चुलीत!” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि पंधरा वर्षं अडवलेलं रडू फुटलं. “भाभी, मले एकच सांगा. हे चित्र काढलं तवा तुम्ही घरात होत्या. ही वच्छलाच होती नं? आमच्या मालकाची मामेबहीण?”

“वच्छला कोन?”

“मंग कोन होती? नाव सांगा. नाव आयकल्याबिगर मी इथून उठत नाही.”

अजीजुन्निसांनी चित्राकडे पाहिलं. मग त्यांना हसू आवरेना.

“काऊन हासता?”

“अवो, त्या वक्ती कोन बाई उभी राहीन परक्या मानसापुढं? पैसे देतो म्हटलं तरी कोनी आली नाही. पुन्याहून तर तारेवर तार येऊन राह्यली होती. आखरीले मीच शेजारनीचं लुगडं मागून आनलं, कुंकवाचा करंडा आनला, अन् आमचे हे बाजूच्या खोलीतल्या भाडेकरूच्या पाया पडले.”

अन्नपूर्णाबाईंचं रडू थांबलं.

“सहा दिवस उभे राह्यले बिचारे तुमचे मास्तर, बिनमिशीचे, डोक्यावर पदर घेऊन.”