निरोपाची ढाल

ॲरिझोनातल्या अमेरिकी लष्करी तळावर सरावासाठी आलेल्या ब्रिटिश सैनिकांची छोटीशी तुकडी होती. दर दोन वर्षांनी तिथली माणसं बदलायची, ऑफिस सांभाळणाऱ्या अहिल्याबाई तेवढ्या एकवीस वर्षं तिथेच. निघणाऱ्या प्रत्येकाला नाव कोरलेली लाकडी ढाल मिळायची; ती छातीशी धरून भलेभले गडी रडायचे. आज बाईंचाच शेवटचा दिवस होता. केक कापून झाला, टाळ्या झाल्या. तीनच आठवड्यांपूर्वी आलेल्या कॅप्टननं छान भाषण केलं आणि मागे वळून म्हणाला, “आता ढाल आणा.” कुणीच हललं नाही. सार्जंटनं कॉर्पोरलकडे पाहिलं, कॉर्पोरलनं जमिनीकडे. “इथे ढाली मागवतं कोण?” कॅप्टननं विचारलं. “मी,” अहिल्याबाई म्हणाल्या. मग कुणी ओशाळू नये म्हणून त्या हसल्या. पर्समधून चिठ्ठी काढून त्यांनी कॅप्टनच्या हातात ठेवली. “कोरणाऱ्याचा नंबर आहे. पुढच्या महिन्यात सार्जंट निघतोय, त्याची ढाल आजच मागवा.”