लोड कोणाचा

वादळाने किरनापूरकडचे विजेचे खांब पाडले, म्हणून राजेंद्रने भर दुपारी जनरेटर अंगणाच्या टोकाला नेऊन लावला. धूर घरात शिरायला नको. यंत्र लहान, त्याचं बळ मायच्या ऑक्सिजन मशीनपुरतंच. बाकी सारं घर त्याने बंद करून टाकलं होतं.

तरी जनरेटरचा आवाज एकदम जड झाला, कोणी पाण्याची मोटर लावावी तसा.

"पौर्णिमा, काही लावलं काय?"

"मी कायले लावू?" बायको दारातून म्हणाली. "मेनचा फ्यूज तं तुमच्याच खिशात आहे."

आवाज सुटला, हलका झाला. थोड्या वेळाने पुन्हा दबला. असाच दबत राहिला तर यंत्र बंद पडणार, आणि मायचा श्वास त्याच्यावरच चाललेला.

"माय, घडीभर कळ काढ," म्हणत, लोड कुठून येतो ते पाहायला त्याने जनरेटरला लावलेली एकमेव वायर उपटली. आत मशीन गप्प झालं. आता जनरेटर हलका धावायला हवा होता.

तो दबला. सावकाश सुटला. पुन्हा दबला, धाप लागलेल्या माणसासारखा.

खाटेवरून मायचा बारीक आवाज आला, "राजू, वायर लाव ना. तो माह्या वाट्याचा श्वास घेऊन राह्यला."